हरित रसायनशास्त्र कुठे आणि कसे शिकावे : बडोद्याच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांत मी अठ्ठावीस वर्षे काम केले, त्यातली बरीचशी प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या ओळखीच्यांची मुले काही ना काही विचारायला येऊ लागली. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या, मग आईवडील. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा बसून लिहून काढली. प्रवेशाच्या तारखा आणि फी मुद्दामच लिहिलेली नाही. ती दरवर्षी बदलते, आणि जुना आकडा वाचून कुणाचे नुकसान व्हायला नको.

हरित रसायनशास्त्र म्हणजे झाडे लावणे आणि सांडपाणी साफ करणे का?

नाही. घाण झाल्यावर ती साफ करणे हे पर्यावरण अभियांत्रिकीचे काम आहे आणि ते महत्त्वाचेच आहे. हरित रसायनशास्त्र त्याच्या आधीचा प्रश्न विचारते : ती घाण मुळात झालीच का? पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये या विषयाची बारा तत्त्वे मांडली. त्यातले पहिलेच तत्त्व असे, की कचरा करून मग निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये.

आपल्या गुजरातेतले उदाहरण घेऊ. रंग आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांत रेणूतल्या नायट्रो गटाचा (नायट्रोजन आणि ऑक्सिजन) अमिनो गट (नायट्रोजन आणि हायड्रोजन) करणे ही रोजची प्रक्रिया आहे. नायट्रोबेंझिनपासून अ‍ॅनिलिन करायची जुनी पद्धत म्हणजे लोखंडाचा कीस घालून उकळणे. समीकरण मांडून वजने काढली, तर एक किलो अ‍ॅनिलिनमागे १.८६ किलो लोखंडाचा ऑक्साइड निघतो, तोही कोरडा धरून. प्रत्यक्षात तो ओला, काळा चिखल असतो आणि त्याला अ‍ॅनिलिनचा वास असतो. आता हेच काम हायड्रोजन वायू आणि उत्प्रेरक (प्रक्रिया वेगाने घडवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) वापरून केले, तर एक किलो अ‍ॅनिलिनमागे ०.३९ किलो पाणी निघते. दुसरे काही नाही. वस्तू तीच, ग्राहक तोच. फरक फक्त कागदावर कोणती वाट निवडली याचा.

मी कामाला लागले त्या कारखान्यात लोखंडाची पद्धत होती. संध्याकाळी साहेब यील्ड, म्हणजे माल किती निघाला ते, विचारायचे आणि ते चांगले असले की सगळे खूश. मागच्या अंगणात स्लजची, म्हणजे त्या चिखलाची, पिंपे वाढत होती. ती किती झाली हे मात्र कुणी विचारत नसे, कारण रोजच्या लॉगशीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. मी या विषयाकडे वळले ती त्या नसलेल्या रकान्यामुळे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हायड्रोजन पेट घेतो, त्याला दाबाचा रिअ‍ॅक्टर लागतो, पॅलेडियमसारखा उत्प्रेरक महाग असतो आणि तो गाळून परत मिळवावा लागतो. छोट्या युनिटला हे सहज परवडत नाही. आणि लोखंडाची पद्धत प्रत्येक ठिकाणी कचराच देते असेही नाही. जर्मनीत बायर कंपनीत १९२५ मध्ये लॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने हीच प्रक्रिया अशी बदलली, की निघणारा ऑक्साइड चांगल्या प्रतीचे रंगद्रव्य म्हणून विकता येऊ लागला.

ईटीपी (कारखान्याचे सांडपाणी साफ करणारा प्लांट) चांगला चालवला की पुरे नाही का?

हा प्रश्न बहुधा वडील विचारतात, आणि ते स्वतः नंदेसरीच्या किंवा रणोलीच्या कारखान्यांत नोकरी करून आलेले असतात. त्यांना मी मिठाचा हिशोब करायला सांगते. एक किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड कॉस्टिकने न्यूट्रल केले की १.४५ किलो सोडियम सल्फेट तयार होते. पीएच सात आला, पाणी निवळ दिसले, पण मीठ पाण्यातच आहे. ईटीपीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, मीठ खात नाहीत. ते काढायला आरओ (पडद्यातून पाणी गाळणारे यंत्र) लागतो, आरओच्या रिजेक्टसाठी, म्हणजे उरलेल्या खाऱ्या पाण्यासाठी, एमईई (पाणी आटवणारी यंत्रणा), एमईईसाठी वाफ, वाफेसाठी इंधन. शेवटी हाती आलेले मीठ पुन्हा टीएसडीएफच्या, म्हणजे घातक कचरा पुरण्याच्या जागेच्या, खड्ड्यातच जाते.

बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले पाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या इफ्लुएंट चॅनलमधून जंबुसर तालुक्यात, महीच्या खाडीत सोडले जाते. याच महीच्या वरच्या अंगाला फ्रेंच वेल्स (नदीपात्रातल्या पाणी घेण्याच्या विहिरी) आहेत आणि शहर त्यांचे पाणी पिते. एकाच नदीच्या एका टोकाला आपली तहान आहे आणि दुसऱ्या टोकाला आपला निचरा. हे एकदा नकाशावर बोट ठेवून पाहिलेल्या मुलाला विषयाची गरज वेगळी समजवावी लागत नाही.

बारा तत्त्वे पाठ करावीत का?

परीक्षेपुरती करा. पण समजून घ्यायची असतील तर आधी दोन आकडे काढायला शिका.

पहिला अ‍ॅटम इकॉनॉमी, बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेला. घातलेल्या अणूंपैकी वजनाने किती टक्के हव्या त्या पदार्थात पोचले, ते हा आकडा सांगतो. वरच्या उदाहरणात लोखंडाच्या वाटेने तो सुमारे ३५ टक्के येतो, हायड्रोजनच्या वाटेने ७२. दुसरा ई-फॅक्टर, रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला : एक किलो मालामागे किती किलो कचरा. शेल्डन यांच्या तक्त्यात तेलशुद्धीकरणाचा आकडा ०.१ च्या आसपास आहे, आणि औषधांचा २५ पासून १०० च्या पुढे. मुले हे पाहून चमकतात, कारण रिफायनरी म्हणजे सर्वांत घाण आणि औषध म्हणजे स्वच्छ पांढरी गोळी, असे चित्र डोक्यात असते. अर्थात रिफायनरी टनावारी माल काढते, त्यामुळे एकूण वजनाचा हिशोब पुन्हा वेगळा. तोही करून पाहावा.

डोकेदुखीवर घेतो ती आयबुप्रोफेन आधी सहा पायऱ्यांत बनत असे आणि अ‍ॅटम इकॉनॉमी ४० टक्क्यांच्या घरात होती. १९९२ पासून अमेरिकेत सुरू झालेल्या पद्धतीत पायऱ्या तीन झाल्या आणि आकडा ७७ वर गेला. सोबत निघणारे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड परत वापरले तर जवळजवळ ९९. हे समीकरण स्वतः वहीत मांडून आकडे जुळवायला दोन तास लागतात. ते दोन तास एखाद्या महागड्या वेबिनारपेक्षा जास्त शिकवतात.

सुरक्षिततेचा या विषयाशी काय संबंध?

थेट संबंध. बाराव्या तत्त्वाचे सांगणे हेच, की अपघाताचा धोका असलेला पदार्थच शक्यतो टाळा.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला. तिथे कार्बारिल हे कीटकनाशक बनत होते. आधी मिथाइलअमाइन आणि फॉस्जीन एकत्र करून मिथाइल आयसोसायनेट बनवायचा, साठवायचा, मग त्यावर नॅफ्थॉल घालायचा. आता क्रम बदला. नॅफ्थॉल आणि फॉस्जीन आधी, मिथाइलअमाइन नंतर. कच्चा माल तोच, शेवटी मिळणारा पदार्थ तोच, पण मिथाइल आयसोसायनेट मधे कुठेच तयार होत नाही. फॉस्जीन तरीही राहतो आणि तो स्वतः विषारी आहे, हे खरे. पण त्या टाकीत चाळीसेक टन जे साठले होते ते साठायची गरज उरत नाही. हा क्रम मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते आणि मग बराच वेळ कुणी बोलत नाही.

बारावीत ए ग्रुप (गणित) घ्यावा की बी (जीवशास्त्र)?

केमिकल इंजिनिअरिंगचा विचार असेल तर ए. एन्झाइम, किण्वन, जैवतंत्रज्ञान आवडत असेल तर बी चालेल, आणि बी.एस्सी. केमिस्ट्री दोन्हींतून होते. माझे मत विचाराल तर गणित सोडू नका. या विषयात भावना पुष्कळांकडे आहेत, हिशोब कमी लोकांकडे.

बडोद्यात नेमके कुठे शिकता येईल?

महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आणि ते आपल्या दारात आहे याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही असे मला वाटते. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले तेव्हा त्रिभुवनदास गज्जर हे रसायनतज्ज्ञ त्याचे प्रमुख होते. रंगाई आणि रसायन तंत्र शिकवावे, लोकांच्या भाषेत शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, ते काढून देणारे हेच गज्जर. हा प्रसंग ऐकून मराठी मनाला काय वाटायचे ते वाटो, पण संगमरवराला धक्का न लावता डांबर उतरवणे हा द्रावकांच्या अभ्यासाचा उत्तम धडा होता. बडोद्यात १९०७ मध्ये निघालेल्या अलेंबिकमागेही गज्जर, त्यांचे शिष्य अमीन आणि कोटिभास्कर होते. दादासाहेब फाळकेही कलाभवनाचेच विद्यार्थी.

आज कलाभवन म्हणजे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टी. तिथे केमिकल इंजिनिअरिंग आहे. प्रवेश बारावीचे गुण आणि गुजसेट (राज्याची प्रवेश परीक्षा) धरून एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीमार्फत होतो. सायन्स फॅकल्टीत केमिस्ट्रीची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण आहे, पर्यावरणशास्त्राचा विभागही आहे. विद्यापीठाचे पॉलिटेक्निक दहावीनंतरच्या डिप्लोमासाठी.

पदवीच्या नावात हरित शब्द नाही म्हणून नाराज होऊ नका. उत्प्रेरण, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग, सेपरेशन, विषशास्त्राची तोंडओळख आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एवढे मन लावून केले की विषय हातात येतो. प्रोजेक्ट निवडताना मार्गदर्शकांना मास बॅलन्सची, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येक किलोच्या हिशोबाची, एकच विनंती करा : "सर, यात मास बॅलन्स पूर्ण काढू द्या, कचऱ्यासकट."

दहावीनंतर लवकर कमवायचे आहे. मग हा विषय आपला नाही का?

आपलाच आहे, आणि फार आपला आहे. आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. एओसीपी म्हटले की नंदेसरीत कुणालाही कळते. लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट) हाही ट्रेड आहे. त्यानंतर अप्रेंटिसशिप. कोयलीच्या रिफायनरीत केमिकल अटेंडंट ऑपरेटरच्या ट्रेड अप्रेंटिसशिपसाठी बी.एस्सी. झालेल्यांनाही घेतात. त्यामुळे पदवीची मुलेही या वाटेने आत जातात.

रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह किती सावकाश उघडायचा, कोणत्या तापमानाला थांबायचे, फिल्टर कितीदा धुवायचा, यावर कचरा ठरतो. धुण्याचे पाणी तीनदा सगळे टाकण्याऐवजी तिसऱ्या धुण्याचे पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरावे, हे मला एका ऑपरेटरने सुचवले होते. ते कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. आम्ही आधी मालाची शुद्धता तपासली आणि मग ती पद्धत लागू केली.

बडोद्याबाहेर जायचे झाले तर?

भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहे आणि क्षार वेगळे करण्यात तिचे काम मोठे आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासूनची, उत्प्रेरणासाठी नावाजलेली. मुंबईत माटुंग्याची आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था) म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ ची. आयआयटी गांधीनगर जवळ आहे. एम.एस्सी.साठी जॅम, एम.टेक.साठी गेट, पीएच.डी.साठी नेट किंवा गेट, अशा परीक्षा आहेत.

इथे एक सावधगिरी. आपण घरी मराठी बोलतो, मूळ गाव सातारा किंवा कोल्हापूर आहे, म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यात बसू, असे पुष्कळ घरांत गृहीत धरतात. बारावी बडोद्यात झाली असेल तर तसे आपोआप होत नाही. डोमिसाइलचे नियम अकरावीतच वाचून ठेवा. जूनमध्ये धावपळ करून रडवेली झालेली दोन मुले मी पाहिली आहेत.

घरी बसून, पैसे न देता काय शिकता येईल?

पुष्कळ. स्वयम् आणि एनपीटीईएलवर केमिकल इंजिनिअरिंग, उत्प्रेरण, पर्यावरण यांची व्याख्याने मोफत आहेत. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. युरोपातल्या केम-ट्वेंटीवन प्रकल्पाचे शिक्षणसाहित्य खुले आहे आणि त्यातला द्रावक निवडीचा तक्ता छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. औषधाच्या बॅचमध्ये वजनाने सर्वांत जास्त भरतात ती द्रावके आणि पाणी, त्यामुळे द्रावक बदलले की हिशोबच बदलतो. त्या तक्त्यात बेंझिन कुठे आहे, इथेनॉल कुठे आहे, आणि डायक्लोरोमिथेनला पर्याय काय, हे शोधत एक दुपार सहज जाते.

माझी सर्वांत आवडती संधी मात्र वेगळी आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी नावाचा उपक्रम डीडब्ल्यूसिम या मोफत सॉफ्टवेअरवर विद्यार्थ्यांकडून प्रक्रियांची फ्लोशीट (टप्प्याटप्प्याचा आराखडा) करून घेतो. काम मान्य झाले तर मानधन आणि प्रमाणपत्र मिळते. साध्या लॅपटॉपवर चालते. एखादी प्रक्रिया घ्या, द्रावक परत मिळवायला किती वाफ लागते ते काढा. नोकरीच्या मुलाखतीत ही एक फ्लोशीट दहा प्रमाणपत्रांना भारी पडते. वस्तूच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या परिणामांचा, अभ्यास करायचा तर ओपन-एलसीए हेही मोफत आहे.

बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांनी तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज चुकवू नये.

मराठीतून काही आहे का?

आपल्या मुलांची तीन भाषांत ओढाताण होते. शाळेच्या गुजराती पुस्तकात कॅटॅलिस्टला उद्दीपक म्हणतात, मराठीत उत्प्रेरक, आणि मराठीत उद्दीपक म्हटले की मानसशास्त्रातले काहीतरी वाटते. त्याचा बाऊ करू नका. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, रसायनशास्त्राच्या नोंदी चांगल्या आहेत. १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका वाचण्यासारखी असते. मी मुलांना सांगते, संकल्पना मराठीत आईला समजावून सांगा. आईला कळली तर तुम्हाला कळली. मग इंग्रजी शब्द जोडायला वेळ लागत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही बदल करता येतो का?

येतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या कार्यगटाने नेहमीच्या प्रयोगांना हरित पर्याय देणारी पुस्तिका काढलेली आहे. उदाहरणार्थ, अ‍ॅसिटॅनिलाइडचे ब्रोमिनेशन करताना लाल धुराचे द्रव ब्रोमिन न वापरता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरायचे. अ‍ॅनिलिनच्या अ‍ॅसिटायलेशनला अ‍ॅसिटिक अनहायड्राइडऐवजी झिंकची भुकटी आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. सरांना ती दाखवा, नम्रपणे विचारा. काही ठिकाणी नकार मिळेल, कारण परीक्षेची पद्धत ठरलेली असते. मग निदान प्रमाण कमी करा : दहा ग्रॅमच्या जागी एक ग्रॅम. तेवढ्यानेच सिंकमध्ये जाणारे दहा पटीने कमी होते.

नैसर्गिक ते सगळे हरित, हे बरोबर ना?

नाही. आर्सेनिकही नैसर्गिकच आहे. मक्याच्या बुरकुंडापासून फरफ्युरल मिळते आणि त्यापासून चांगले द्रावक बनते, पण त्याला वाफ किती लागली आणि अ‍ॅसिड किती गेले हे पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये.

नोकरी मिळते का?

हरित रसायनतज्ज्ञ अशा नावाची जाहिरात क्वचितच दिसते. पदांची नावे वेगळी असतात : प्रोसेस डेव्हलपमेंट केमिस्ट, प्रोसेस सेफ्टी इंजिनिअर, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) ऑफिसर, रेग्युलेटरी. युरोपात माल पाठवायचा तर २००७ पासून रीच या रसायनांच्या नोंदणीच्या कायद्याची कागदपत्रे लागतात. जर्मनीने १९९४ मध्ये काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा गुजरातच्या रंगधंद्यात केवढी खळबळ उडाली ते मला आठवते. त्या वेळी पर्यायी रंगांचे रसायन ज्यांना येत होते त्यांना मागणी होती. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. अशा अहवालात पाणी, ऊर्जा, कचरा यांचे आकडे द्यावे लागतात. ते प्लांटमध्ये जाऊन मोजणारा माणूस हवा असतो, आणि तो रसायन जाणणारा असला तर आकडे खरे येतात.

सुरुवातीचा पगार संगणकवाल्या भावंडांपेक्षा कमी असेल. हे आधीच घरात बोलून घ्या.

मुलीला प्लांटमध्ये पाठवावे का?

मी गेले. अडचण रसायनाची नव्हती. लेडीज टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत होते, प्लांटपासून दहा मिनिटांवर, आणि त्यासाठी मी दोन वर्षे भांडले. कंपनीत जाताना बस, टॉयलेट, सुरक्षा बूट तिच्या मापाचे आहेत का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको. उत्तर टाळले गेले तर दुसरी कंपनी बघा, विषय सोडू नका.

कोर्स खरा आहे की नुसते नाव हिरवे, हे कसे ओळखायचे?

अभ्यासक्रम मागवा. त्यात मास बॅलन्स, विषशास्त्र, जीवनचक्र आणि हाताने करायचे प्रयोग आहेत का बघा. फक्त जागतिक तापमानवाढ, शाश्वत विकास आणि पोस्टर स्पर्धा असेल तर ते जनजागृतीचे काम आहे. ते चांगले, पण त्यासाठी मोठी फी देऊ नका.

आमचे आजोबा तीस वर्षे केमिकल प्लांटमध्ये होते. त्यांना काही विचारण्यासारखे आहे का?

आहे, आणि लवकर विचारा. कोणता माल बनत होता, कशापासून, कोणत्या क्रमाने. मदर लिकर (माल गाळल्यावर उरलेले द्रावण) कुठे जायचे. पिंपांत काय भरायचे आणि ती कुठे नेली जायची. ते आधी म्हणतील, "तुला काय करायचंय त्याचं?" मग चहा होईल आणि बोलू लागतील. बोलताना वही जवळ ठेवा, बॅचचे आकडे त्यांना अजून तोंडपाठ असतात. ते उतरवून घ्या, समीकरण मांडा आणि निघालेला आकडा त्यांना दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने असेच केले. आजोबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, पिंपे एवढीच होती, बरोबर काढलंस.